नव्या जिल्ह्याचं पार्टिशन

सुजे, तुझ्या लातूरच्या मशीनच्या डिस्कचे तुकडे आता मला पाडायचे आहेत. आपल्या पेपरच्या मालकांचा फोन आला होता. "मंगलताई, सुजाताबाईंचा सर्व्हर आता थकला, नवा आणून ठेवलाय. तुम्ही नांदेडहून या अन् बसवून द्या. आणि ते 'नवा' नावाचं रिकामं काय ठेवलं होतं त्यांनी, ते काढून टाका. ती जागा लातूरला देऊन टाका." मी "हो सर" म्हणाले, फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, भांडण जिंकले.

खरंच जिंकले की गं. इतकी वर्षं मी तुला हेच सांगून राहिले होते ना, की ती रिकामी जागा मोकळी कर? घसा कोरडा केला मी फोनवर. तू ऐकली नाहीस. आता मालक स्वतः म्हणतात, काढा. आणि मला तुझा राग येऊन राहिलाय, की असं कसं मधूनच उठून गेलीस? निम्म्या भांडणातून कुणी उठतं का? बाजारातल्या भाजीवालीसोबतसुद्धा भाव ठरेपर्यंत थांबतात लोक.

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या मामी माझ्याशेजारी बसल्या होत्या. वंदना झाली, लोक जेवायला उठले, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमी दोघी नेमकं काय काम करत होतात, बाई? सुजाता सांगायची, पर आमाला काय समजायचं न्हाई." मी सांगितलं, मामी, आमचं वर्तमानपत्र आहे. नांदेडचं वेगळं निघतं, लातूरचं वेगळं. त्याची पानं, फोटो, बातम्या सगळं कॉम्प्युटरच्या एका डिस्कवर राहतं. ती डिस्क म्हणजे समजा एक शेत. त्याला बांध घालून तुकडे पाडायचे. एक तुकडा मशीनच्या स्वतःच्या कामाला, एक नांदेडला, एक लातूरला. एकातलं दुसऱ्यात जात नाही. ते पाडायचं काम आमचं. मामी म्हणाल्या, "मग तुमचं भांडण व्हायचं म्हणायची ती, ते कशावरून?" मी म्हणाले, बांधावरूनच. त्यावर मामी म्हणाल्या, "मग बराबर हाय. सख्ख्यांचंच होतंय ते." आणि मला तिथंच रडू फुटलं, सगळ्यांसमोर, हातात पत्रावळ घेऊन.

आपली पहिली भेटसुद्धा भांडणानंच झाली. नांदेडच्या ऑफिसात विंडोजची मशीन काढून लिनक्स घालायचं ठरलं होतं आणि लातूरहून तुला बोलावलं होतं. मला वाटलं, कोण मोठी बाई येऊन राहिली. तू आलीस ती पाठीला सॅक, पायात रबरी चप्पल आणि तोंडात शेंगदाणे. स्क्रीनवर प्रश्न आला, सगळी डिस्क एकदम वापरायची की तुम्ही स्वतः वाटणार? मी सरळ पहिल्यावर एंटर मारायला गेले. तू माझं मनगट धरलंस. ओळख नाही, पाळख नाही, मनगट धरलंस! आणि म्हणालीस, "बाई, तुमच्या घरी धुणं, भांडे अन् पिण्याचं पाणी एकाच रांजणातून घेतात का?"

माझं माहेर अर्धापूरचं. केळीचा पट्टा तो. आमच्याकडं कालव्याचं पाणी, मोटार चालू केली की पाटातून धो धो. रांजणाचा हिशोब मला काय कळणार? मी म्हणाले, आमच्याकडं पाणीच पाणी आहे. तू हसलीस आणि म्हणालीस, "म्हणूनच एंटर मारून राहिलात."

मग तू मला शिकवलंस. रूट वेगळं. त्यात मशीनचा स्वतःचा प्रपंच. व्हार वेगळं, कारण त्यात नोंदी आणि छपाईची रांग साठते आणि ती कधी फुगेल सांगता येत नाही. होम वेगळं, माणसांचं. आणि नांदेड, लातूर हे आपापले. मी म्हणाले, एवढे कप्पे कशाला, सगळं एकात ठेवलं तर ज्याला लागेल तो घेईल. तू म्हणालीस, "ज्याला लागंल तो न्हाई घेत, मंगे. ज्याचा हात आधी पोचतो तो घेतो." पहिल्याच दिवशी 'मंगे' म्हणालीस. नवऱ्यानंसुद्धा मला तोवर 'मंगे' म्हटलं नव्हतं.

पुढं एकदा आमच्या प्रिंटरचं डोकं फिरलं आणि तीच ती चूक दर क्षणाला नोंदवत बसला. व्हार काठोकाठ भरलं. मी घाबरून तुला फोन लावला. तू विचारलंस, पानं सेव्ह होतात का? मी बघितलं, होत होती. नांदेडचा कप्पा शाबूत. "मग च्या पी," म्हणालीस, "अन् मग सावकाश नोंदी साफ कर." त्या दिवशी मी मनात कबूल केलं, तोंडानं नाही. तोंडानं मी तुला तुझ्या बूट पार्टिशनवरून, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या कप्प्यावरून, चिडवत राहिले. ते तू एवढंसं ठेवलं होतंस, लाडूच्या डब्यात गहू भरावा तसं, आणि दर वेळी लिनक्सचा नवीन गाभा, कर्नल, आला की जागा नाही म्हणून अडायचं. "बाकी सगळं जग वाटून देतीस आणि बुटाला चिमूटभर," असं मी म्हणाले की तू दुसऱ्याच कामाचं काढायचीस. तेवढी एक चूक तुझी. तीही तू मान्य केली नाहीस, डँबिस कुठली.

पण 'नवा' होता खरा वादाचा. तुझ्या लातूरच्या मशीनवर तू आणखी एक पार्टिशन पाडलं होतंस, लातूरएवढंच मोठं, आणि त्याला नाव दिलंस 'नवा'. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "उदगीर जिल्हा व्हणार हाय. जिल्हा झाला की आपली तिसरी आवृत्ती निघंल. तवा जागा शोधत फिरायचं न्हाई." मला हसू आवरेना. तुझं गाव उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तुझी आई निम्मं कानडी बोलते. लहानपणापासून जिल्हा होणार, जिल्हा होणार हे ऐकत मोठी झालेली तू. दर पंधरा ऑगस्टला, दर सव्वीस जानेवारीला तुझा फोन यायचा, "मंगे, ह्या वेळी नक्की म्हणून राहिले लोक." मी म्हणायचे, "सुजे, तुझा जिल्हा अन् माझ्या सासूचा स्वभाव, दोन्ही बदलायचं नाव घेत न्हाईत." तू म्हणायचीस, "लातूर तरी आधी कुठं जिल्हा होता? उस्मानाबादेतूनच निघाला ना?" ते खरं होतं, म्हणून मी विषय बदलायचे.

मी तुला बरोबर सांगत होते, हे अजूनही सांगते. आता डिस्क अशी कापून ठेवायची गरज नाही. सगळ्या डिस्का मिळून एक मोठी टाकी करता येते आणि त्यातून ज्याला लागेल तेवढं वाढवून देता येतं. बाकीचं तसंच न वाटता मोकळं ठेवायचं. उद्या तुझा जिल्हा झालाच तर त्यातून काढून दे! पण तू म्हणायचीस, "बिननावाची जागा र्‍हात न्हाई गं. आज लातूर मागंल, उद्या जाहिरातवाले मागतील, परवा मालकाच्या पोराच्या लग्नाचा व्हिडिओ येईल. नाव घातलं की माणूस मागताना जरा लाजतं." आणि झालंच तसं. आमच्या नांदेडच्या मशीनवर मी मोकळी ठेवलेली जागा कुणी कधी खाल्ली मला कळलंसुद्धा नाही. मालकाच्या पोराचं लग्न मात्र माझ्याच डिस्कवर आहे, हळदीसकट.

तू मला आणखी एक सांगायचीस. तू म्हणायचीस, "आवृत्ती निघाली की तू इकडं ये. मी एकटी न्हाई लावणार. उदगिरात ऑफिस घेऊ, दोघी बसू. 'नवा' आपल्या दोघींचा हाय." आणि मी दर वेळी म्हणायचे, "बघू." नवऱ्याची नोकरी, पोरीची शाळा, सासूबाईंचे गुडघे. "बघू गं." तू कधी चिडली नाहीस त्यावर. "बघ," एवढंच म्हणायचीस आणि कामाचं बोलायला लागायचीस.

दुष्काळातलं तुझं ऑफिस आठवतं मला. लातूरला नळ कोरडे झाले ते साल. मी महिन्यातून एकदा यायचे मशीन बघायला आणि दर वेळी तुझ्या सर्व्हरच्या खोलीत आणखी एक ड्रम वाढलेला असायचा. ऑफिसात कुलूप लागणारी ती एकच खोली. टँकर आला की शिपाई आणि तू मिळून ड्रम भरायचात आणि खोलीला कुलूप लावायचात, कारण बाहेर ठेवलं तर बाटली बाटली करून दुपारपर्यंत तळ दिसायचा. मालक पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "आमचा सर्व्हर कडक बंदोबस्तात असतो." आपण दोघी तोंडाला ओढणी लावून हसायचो. सर्व्हर काय कुणी चोरून नेत नव्हतं. एसीचं ठिबकणारं पाणी तू बादलीत धरायचीस आणि त्यानं फरशी पुसून घ्यायचीस. मी म्हणायचे, अगं करंट लागून मरशील एक दिवस, मशीनशेजारी कुणी पाणी ठेवतं का? तू म्हणायचीस, "मशीनवाचून एक दिस निघंल. पाण्यावाचून काढून दाखव."

आणि त्या ड्रमांच्या पुढं, दाराजवळ, एक तांब्याची कळशी. वर ताटली, ताटलीवर पालथा पेला. त्या कळशीला ऑफिसातल्या कुणी हात लावायचा नाही. ड्रम संपले तरी नाही. एकदा तुझे उपसंपादक पेला उचलायला गेले तर तू जागेवरून ओरडलीस, "भाऊ, ते येणाराचं हाय!" खेड्यातून बातमी घेऊन आलेला वार्ताहर, दिवसभर उन्हात फिरलेला फोटोग्राफर, जाहिरात द्यायला आलेली कुणी म्हातारी, त्यांना त्यातलं. मी नांदेडहून आले की मलाही त्यातलंच. मी म्हणायचे, मी काय पाहुणी आहे का? तू म्हणायचीस, "नांदेडचं मानूस. पाहुणीच की. इथली होशील तवा ड्रमातलं पी."

मग रेल्वेनं पाणी आलं. ते दिवस सगळ्यांच्या लक्षात आहेत, मला मात्र ते डिस्कवरून आठवतात. स्टेशनावरचे फोटो, टाक्यांचे फोटो, पुढाऱ्यांचे, हंड्यांच्या रांगांचे. मुंबई-पुण्याचेही फोटोग्राफर आले आणि तेही आपल्याच ऑफिसात बसून फोटो टाकायला लागले. दुपारी लातूरचं पार्टिशन भरलं. पानं सेव्ह होईनात. मला मालकांचा फोन, मग तुझ्या उपसंपादकांचा, मग तुझा. मी म्हणाले, "एवढं काय त्यात? 'नवा' रिकामं पडलंय, त्यात टाक फोटो. एका ओळीचं काम." तू म्हणालीस, "ते नव्याचं हाय."

मी भडकले. मी काय काय बोलले ते मला शब्दाशब्दासकट आठवतं. "सुजे, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? गाव पाण्यासाठी मरून राहिलंय, पेपर निघंना, आणि तू न झालेल्या जिल्ह्याचा हंडा धरून बसलीस? तुझ्या त्या जिल्ह्याचा कागदसुद्धा न्हाई अजून!" तू म्हणालीस, "जुन्या क्रीडापानाचे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवून राहिले. व्हईल थोड्या वेळात." आणि हलवलेस. एकेक फोल्डर. अंक उशिरा सुटला. मालक तुला लोकांसमोर बोलले आणि तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, तेव्हाही मी चिडलेलीच. मी विचारलं, कशासाठी गं हा हट्ट? तू म्हणालीस, "ये एकदा घरी. माय सांगंल."

म्हणून मी तुझ्या गावी आले. भर एप्रिलात, उदगीरहून पुढं वडापनं, जीपच्या मागच्या फळीवर. उतरले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. तुझी आई दारात उभी होती. काही विचारण्याआधी तिनं ओसरीवरच्या कळशीतून पेला भरून माझ्यासमोर धरला. मी उभ्याउभ्या घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "मावशी, अजून." तिनं दिलं. तिच्या तोंडाकडं मी तेव्हा बघितलंच नाही, तहान एवढी होती. तू बघत होतीस. आत गेल्यावर तू मला म्हणालीस, "माय बघून राहिली होती, तू पितीस का." मला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा कान तापले. तू लगेच म्हणालीस, "तोंड पाडू नको, भूक लागली असंल, भाकरी खा."

दुपारी भाकरी खाताना मावशींनी सांगितलं. तुझी आई मोजकं बोलते, पण बोलली की काढून ठेवल्यासारखं. "माझी सासू हिरीच्या काठाला उभी र्‍हायची, माय. वरून कुणी वाढंल तर पाणी, न्हाई तर तसंच. दिसभर उभी. मी नवी नवरी आले तवा तिनं मला सांगितलं, आपल्या दारात येईल त्याला पाणी ठिवायचंच. कोन हाय, कुठला हाय इचारायचं न्हाई. घरातल्याला नसलं तर नसूदे. येणाराचं वेगळं." मग तुझ्याकडं बघून म्हणाल्या, "ही लहानपणी रडायची त्या कळशीतल्या पाण्यासाठी. न्हाई दिलं मी."

परतीच्या वाटेवर तू मला जीपपर्यंत सोडायला आलीस. मला काहीतरी म्हणायचं होतं. फोनवर जे बोलले ते परत घ्यायचं होतं. पण मी म्हणाले काय, तर "पण सुजे, डिस्क म्हणजे काय पाणी नाही." आणि तू हसत हसत म्हणालीस, "न्हाईच. म्हणून तर एवढं सोपं हाय, तरी तुझ्या डोक्यात शिरंना."

आपण माहूरला गेलो होतो ते सांगू का? सांगतेच. यात्रेच्या पुरवणीसाठी नांदेडची माणसं गेली होती आणि लॅपटॉप सांभाळायला म्हणून मी तुला ओढून नेलं. मी म्हणाले, मी गडावर देवीला जाऊन येते. तू म्हणालीस, "जा, मी चपला राखते." तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी, त्यावरून आपलं कधी बोलणं झालं नाही. मी खाली आले तर तू चहाच्या गाड्यावर बसून लाउडस्पीकर ऐकत होतीस. कुणी बिलोलीची कोंडाबाई हरवली होती, तिला सांगत होते की जिथं असाल तिथून मंडपापाशी या, तुमचा मुलगा वाट बघून राहिलाय. परत परत तेच. तू मला म्हणालीस, "मंगे, आपल्या प्रत्येक पार्टिशनमधी असा एक मंडप असतो, बघितलास का?" मी बघितला होता, पण कधी विचारलं नव्हतं. 'लॉस्ट अँड फाउंड'. पार्टिशन तयार झालं की ते फोल्डर आपोआप होतं, आपण न करता. वीज गेली, मशीन धाडकन बंद पडलं, तर तपासणीत ज्या फायलींचं नाव-गाव हरवलेलं असतं ते तुकडे तिथं आणून ठेवतात. "'नवा'मधी काहीच न्हाई," तू म्हणालीस, "पर तेवढा मंडप हाय." मी म्हणाले, रिकाम्या घरात हरवणार कोण? तू चहा संपवलास. कोंडाबाई सापडली की नाही ते आपल्याला कळलं नाही, आपली गाडी सुटली.

दवाखान्यातलं मी लिहिणार नाही. तुला आवडलं नसतं. फक्त एक लिहिते. शेवटच्या आदल्या दिवशी तू मला विचारलंस, "नांदेडचं बॅकअप झालं का?" मी म्हणाले, झालं. आणि तू डोळे मिटलेस. मी तुझा हात धरून बसले होते आणि मला म्हणायचं होतं, येते गं मी. जिल्हा होवो न होवो, मी येते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात नर्स आली आणि मग तुला झोप लागली. उद्या म्हणू असं वाटलं. बघू, असं वाटलं.

यंदाही पावसानं दगा दिलाय. पुण्यानुमोदनाला आले तेव्हा गावात टँकर उभा होता. मी दारात आले. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, बायका भोवती. आणि ओसरीवर कळशी. भरलेली. ताटली, पालथा पेला. मी तिच्याकडं बघतच राहिले. लेक गेलेलं घर ते. त्या घरात पाणी कुणी भरलं असेल? मावशी उठल्या. कुणी "बसा बसा" म्हणालं तरी उठल्या. पेला भरून माझ्यासमोर धरला. मी म्हणाले, "मावशी, आज कशाला हे?" त्या म्हणाल्या, "लेक गेली म्हणून येणारं मानूस यायचं थांबतंय का, माय? पी."

प्यायले. मग मामी शेजारी येऊन बसल्या आणि बांधाचं बोलणं झालं, ते वर लिहिलंच आहे.

मी लातूरला आलेय, सुजे. तुझ्या खोलीत बसून हे लिहितेय. नवीन मशीन समोर आहे आणि स्क्रीनवर तोच प्रश्न आलाय, सगळी डिस्क एकदम की स्वतः वाटणार? तुझे ड्रम शिपायानं बाहेर काढलेत, यंदा ऑफिसात बोअर चालतंय अजून. कळशी मात्र तिथंच आहे दाराजवळ, कोरडी. आत कोळ्यानं जाळं केलंय. तू आजारी पडल्यापासून कुणी भरलीच नाही वाटतं.

मी माझ्या पद्धतीनंच केलं, तुला सांगून ठेवते. सगळ्यांची एकच टाकी आणि त्यातून वाटप. नाक मुरडू नकोस. बुटाला भरपूर जागा दिली, ती तर मी देणारच होते. व्हार वेगळं. होम वेगळं. लातूरला आधीपेक्षा दुप्पट दिलं, मालक खूश होतील. मग उरलेली जागा बघत किती वेळ बसले कुणास ठाऊक. तशीच ठेवली असती तर चाललं असतं. माझंच म्हणणं होतं ते, लागेल तेव्हा काढून घ्यावी. पण ती मोकळी जागा माझ्याच्यानं बिननावाची सोडवेना गं. काय करू? तू हात धरून बसली होतीस की काय माझा?

तेवढ्यात मालक आत आले. स्क्रीनकडं बघून म्हणाले, "हे काय, 'नवा' परत? काढायचं ठरलं होतं ना?" मी म्हणाले, "राहू द्या सर." ते म्हणाले, "मंगलताई, जिल्हा काय होत नाही आता. आम्हालाही माहितेय. उगाच कुणासाठी अडवून ठेवायची?" माझा आवाज चढला. तुझ्यावर चढायचा तसाच. मी म्हणाले, "येणाराचं आहे ते, सर. त्याला कुणी हात लावायचा नाही." मालक म्हणाले, "बरं. पण मग ह्या मशीनकडं बघणार कोण? सुजाताबाईंच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही."

मी "बघू" म्हणाले नाही.

सासूबाईंना आणि ह्यांना काय सांगायचं ते मी घरी गेल्यावर सांगेन. भांडण होईल, होऊ दे, मला सवय आहे. पोरगी म्हणाली होतीच मागं की लातूरला शिकायला जायचं. ते सगळं नंतरचं. आत्ता मी 'नवा' उघडून बघितला. काहीच नाही, फक्त तो मंडप. आपण न घालता आलेला. मी उगाचच आत जाऊन बघितलं, कुणी आलंय का. वेडी म्हण मला.

मग कळशी घासली. चिंचेनं, तुझ्यासारखी लख्ख नाही झाली, पण झाली. भरून दाराजवळ ठेवली, वर ताटली, पेला पालथा. मला तहान लागली होती. कळशीला हात लावला नाही. बाहेर जाऊन बोअरच्या नळाचं पाणी प्यायले, ऑफिसातली बाकीची माणसं पितात ते.

आले बघ मी, सुजे. तुझा जिल्हा काही अजून झाला नाही.